गणित-संगीताचा पहिला वर्ग तारेवर भरवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पदवीचे प्रवेश सुरू झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथल्या महाविद्यालयांत ऐच्छिक विषयांच्या याद्या लागतात. कर्नाटकात २०२१ मध्ये नवे शैक्षणिक धोरण आले, २०२४ मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. या फेरबदलांत एक कल्पना तरी टिकावी : विद्यार्थ्याने मुख्य विषयाच्या कुंपणाबाहेरचेही थोडे शिकावे. त्या जागी गणित आणि संगीत यांचा मिळून एका सत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम आपल्या भागात सुरू व्हावा, अशी या दोन विषयांचे अध्यापन करणाऱ्या आम्हा काही जणांची मागणी आहे. बेळगावच्या एका अंगाला तंबोरे घडवणारी मिरज, दुसऱ्या अंगाला गवयांचे धारवाड. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा. भजनी मंडळ नाही असे गाव सीमाभागात शोधावे लागेल. इथे हा विषय रुजला नाही तर कुठे रुजणार?

नुसती मागणी करून मात्र भागणार नाही. हा विषय वाईट शिकवणे फार सोपे आहे. पडद्यावर शंखाचे चित्र, मग सूर्यफूल, मग पायथागोरस आणि लोहाराचे हातोडे, शेवटी ‘संगीत म्हणजे गणितच’ असे एक वाक्य. टाळ्या वाजतात आणि विद्यार्थी कोरडाच घरी जातो. त्यातही हातोड्यांची गोष्ट चुकीची आहे. १२, ९, ८ आणि ६ वजनांचे हातोडे ऐरणीवर पडले आणि त्यांतून षड्ज, मध्यम, पंचम, तारषड्ज निघाले, असे ती सांगते. हातोड्याच्या वजनावर असा स्वर ठरत नाही. तीच वजने तारेला टांगली तरी हे स्वर मिळत नाहीत. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो यांनी १६व्या शतकात ही चूक दाखवली आणि फ्रेंच अभ्यासक मर्सेनने १६३६ मध्ये तारेचे नियम नीट मांडले. अभ्यासक्रमाचा पहिला तास या चुकीपासूनच सुरू करावा, आणि तो फळ्यासमोर न घेता तारेसमोर घ्यावा.

साहित्य साधे आहे. सव्वा मीटर लांबीची, न वाकणारी जाड फळी, दोन पक्क्या घोड्या (तार ज्यांवर टेकते ते आधार), एक सरकती घोडी, टोकाला कप्पी, ०.३० मिलिमीटर जाडीची पोलादी सतारीची तार, मीटरपट्टी आणि वाण्याकडची वजने. दोन पक्क्या घोड्यांमध्ये बरोबर ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. तार कप्पीवरून खाली सोडून तिला २ किलो वजन टांगावे. तार छेडली की सेकंदाला साधारण १०४ आंदोलने (कंपने) होतात, हा आपला षड्ज. आता विद्यार्थ्यांना विचारावे की पंचम हवा असेल तर वजन किती करू? पंचमाचे गुणोत्तर ३:२ हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते, त्यामुळे उत्तर येते ‘३ किलो’. ३ किलो टांगून पाहू द्यावे. जो स्वर येतो तो पंचम नसतोच; तो कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. आंदोलने ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात, म्हणून पंचमाला २ चे सव्वादोन पट, म्हणजे ४.५ किलो लागतात, आणि तारषड्जाला ८ किलो. वर्गमूळ म्हणजे काय हे दहावीत शिकूनही ज्यांना कधी कळले नाही त्यांना ते इथे कानाने कळते. या जाडीची चांगली तार ८ किलो पेलते, पण जुनी किंवा गंजलेली तार तुटून उसळते; म्हणून वजन चढवताना चेहरा तारेपासून दूर ठेवायचा, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

मग वजन बदलायचे नाही, लांबी बदलायची. ९० सेंटिमीटरवर षड्ज, तर ८० वर ऋषभ, ७२ वर गंधार, ६७.५ वर मध्यम, ६० वर पंचम, ५४ वर धैवत, ४८ वर निषाद आणि ४५ वर तारषड्ज. सगळे शुद्ध. ९० हा आकडा यासाठीच निवडला की एक मध्यम सोडला तर सगळ्या खुणा पूर्ण सेंटिमीटरवर पडतात. खुणा आधी दाखवू नयेत. गाणाऱ्या विद्यार्थ्याने कानाने घोडी सरकवून स्वर शोधावा, दुसऱ्याने पट्टीवर मोजावे, आणि आकडे वहीत आल्यावरच ९०/८०, ९०/७२ असे भाग द्यायला सांगावेत. ९/८, ५/४, ४/३, ३/२ ही गुणोत्तरे त्यांच्या स्वतःच्या मोजणीतून बाहेर पडली पाहिजेत.

इथे चुका होतात त्या ठराविक आहेत. सरकती घोडी पक्क्या घोड्यांपेक्षा उंच असली की तार वर उचलली जाते, पक्क्या घोडीवर अडून तिचा ताण वाढतो आणि स्वर चढा येतो. म्हणून ती तारेला जेमतेम टेकेल एवढीच असावी. बोटाने तार दाबली तरी हाच दोष. नवी तार पहिला दिवसभर सैलावत राहते, तेव्हा ती आदल्या दिवशीच ताणून ठेवावी. कप्पी घासत असेल तर तारेवरचा खरा ताण टांगलेल्या वजनापेक्षा कमी असतो आणि वर्गमुळाचा हिशेब जुळत नाही. अशा वेळी कप्पीला तेल द्यावे. विद्यार्थ्याच्या वहीतला आकडा खोडायला लावू नये. त्याने काय मोजले ते तसेच राहू द्यावे आणि फरक का पडला ते त्याच्याकडूनच लिहवून घ्यावे.

विशारदच्या परीक्षेला बसणारी मुले ‘श्रीनिवासाने ३६ इंच तारेवर स्वर कसे स्थापले’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करतात. (श्रीनिवास हे जुन्या काळचे संगीतग्रंथकार.) षड्ज ३६, पंचम २४, मध्यम २७, गंधार ३०. पाठ करणाऱ्याला विचारा की हा गंधार कोणता, तर उत्तर येत नाही. ३६/३० म्हणजे ६/५, आणि हा आजचा कोमल गंधार. श्रीनिवासाच्या काळचे शुद्ध सप्तक आजच्या काफी थाटासारखे (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा) होते, ही इतिहासातली माहिती एका भागाकारातून हाती येते. फळीवर ७५ सेंटिमीटरला घोडी ठेवली की तोच गंधार ऐकूही येतो.

गुणोत्तरे हाती आली की पुढची अडचण बेरजेची. षड्जापासून पंचम आणि पंचमापासून तारषड्ज ही दोन अंतरे मिळून एक सप्तक होते, म्हणून विद्यार्थी ३/२ आणि ४/३ यांची बेरीज करतो. कानाला जी बेरीज वाटते ती आकड्यात गुणाकार असते : ३/२ × ४/३ = २. लॉगरिदम शिकवायला याहून चांगली जागा गणितात दुसरी नाही. अंतरांची बेरीज करता यावी म्हणून गुणोत्तराचा लॉग घ्यायचा, आणि सप्तकाचे १२०० भाग करायचे. हेच इंग्रज अभ्यासक एलिसने १८८५ मध्ये रूढ केलेले सेंट. पंचम ७०२ सेंट, मध्यम ४९८, मिळून बरोबर १२००. ज्यांना लॉगची धास्ती आहे त्यांच्यासाठी सहाव्या आठवड्यापर्यंत फक्त गुणाकार-भागाकार वापरावा. लॉग त्यानंतर आणावा, तोही ‘आता हे आकडे गुणून कंटाळा आला’ असे वर्गानेच म्हटल्यावर.

आता तंबोरा आणि हार्मोनियम शेजारी ठेवावेत. खर्जाची तार १२० आंदोलनांची धरली तर तिच्यातून पाचवा उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप निघणारा, पाचपट आंदोलनांचा) ६०० चा निघतो. दोन सप्तके खाली आणला की तो १५०, म्हणजे षड्जाच्या ५/४. चांगली जवारी लावलेल्या (घोडीवर तार गुंजेल अशी जुळवलेल्या) तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच. हार्मोनियमच्या पट्ट्या मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावतात. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९४६ पट, म्हणजे २ च्या बाराव्या मुळाइतकी. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्याशी जुळणारा गंधार ३०० चा, हार्मोनियमचा ३०२.४ चा. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला सुमारे अडीच वेळा आवाज हेलकावतो. पंचमात हा फरक अर्ध्या आंदोलनाहून कमी, म्हणून पंचम खटकत नाही आणि गंधार खटकतो. भजनाच्या साथीला बसणाऱ्या ज्या पेटीवाल्याला ‘तुझा गंधार चढा लागतो’ असे ऐकून घ्यावे लागते, त्याच्या हातात दोष नसतो. तो दोष बाराव्या मुळात आहे. एक सावधगिरी : वर्गातली पेटी बऱ्याच दिवसांत लावून घेतलेली नसेल तर हा प्रयोग तिच्यावर करू नये, तिचे स्वर कुठेही सरकलेले असतात.

भागच का करायचे, आणि तेही बाराच का? पंचमामागून पंचम घेत बारा पावले गेलो की सात सप्तके वर षड्जाशी परत यायला हवे असे वाटते. पण (३/२)चा बारावा घात १२९.७५ च्या जवळ येतो आणि २ चा सातवा घात १२८. तीनचा कोणताही घात विषम, दोनचा सम; ते कधीच बरोबर जुळणार नाहीत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पूर्ण समजेल अशी ही सिद्धता एका ओळीची आहे. उरलेला फरक साडेतेवीस सेंटचा. पंचमाच्या (२ पाया धरून काढलेल्या) लॉगला जवळचे अपूर्णांक शोधत गेलो, तर छेदात ५, १२, ४१, ५३ असे आकडे येतात. भूपासारख्या पाच स्वरांच्या रचना जगभर सापडतात आणि पेटीला बारा पट्ट्या असतात, याचे एक कारण इथे दिसते. एक कारण, सगळे नव्हे.

श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांच्या, बाबतीत या अभ्यासक्रमाने फार जपून पावले टाकावीत. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम या जुन्या सप्तकाच्या श्रुती ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा दिल्या आहेत, बेरीज २२. आंदोलनसंख्या भरताने दिलेल्या नाहीत. ४ श्रुतींचे अंतर ९/८, ३ चे १०/९ आणि २ चे १६/१५ हा अर्थ नंतरच्या अभ्यासकांनी लावला. तो लावणाऱ्यांत आपल्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल होते, आणि मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे त्यांना साहाय्य होते. विद्यार्थ्यांकडून तीन वेळा ९/८, दोन वेळा १०/९ आणि दोन वेळा १६/१५ यांचा गुणाकार करून घ्यावा. उत्तर बरोबर २ येते, आणि वर्गात आनंद पसरतो. लगेच दुसरा हिशेबही द्यावा : सप्तकाचे २२ सारखे भाग केले तर एक श्रुती ५४.५ सेंटची, १३ श्रुतींवरचा पंचम ७०९ सेंटचा, म्हणजे खऱ्यापेक्षा ७ सेंट चढा. तेव्हा श्रुती समान नाहीत, किंवा पंचम शुद्ध नाही, यातले एक मानावे लागते. गुणाकार जुळला म्हणून भरताच्या मनात हेच होते असे सिद्ध होत नाही, हे शिक्षकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे हा भेद पुसला जातो, आणि मग प्राचीनांचा गौरव करता करता आपण त्यांच्या तोंडी आपलेच शब्द घालतो.

तालाचा भाग हा आमच्या मते या अभ्यासक्रमाचा गाभा. त्याला चार आठवडे द्यावेत आणि तिहाईवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा, मध्ये दोनदा सारखाच दम (विराम), आणि शेवटचे अक्षर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. बोलाच्या मात्रा ‘ब’ आणि दमाच्या मात्रा ‘द’ धरल्या तर समेपासून समेपर्यंत ३ब + २द = आवर्तनाच्या मात्रा + १. हा ‘अधिक एक’ विसरणे ही सगळ्यात नेहमीची चूक. त्रितालात १६ धरून गणित केले की तिहाई सोळाव्याच मात्रेवर आपटते आणि सम रिकामी जाते. १७ धरा : बोल ५, दम १, म्हणजे १५ + २. किंवा बोल ३, दम ४. झपतालात ११ : बोल ३, दम १. रूपकात ८ : बोल २, दम १. टाळी देत, बोल म्हणत, कागदावर लिहीत हे वर्गात करून पाहावे. एकाने टाळी धरावी, बाकीच्यांनी म्हणावे.

मग विचारावे की एकतालात समेपासून बेदम (मध्ये दम नसलेली) तिहाई बसवा. विद्यार्थी तासभर झगडतात. एक आवर्तन घेतात, दोन घेतात, दुगुन-चौगुन करून बघतात, पण बसत नाही, आणि बसणारही नाही. १२ ला ३ ने भाग जातो. कितीही आवर्तने घ्या, कितीही पूर्ण पट लय करा, मात्रांच्या गुणाकाराला ३ ने भाग जाणारच आणि ‘अधिक एक’ची बाकी १ उरणार. बेदम तिहाईला तर बाकी शून्य हवी. दादऱ्याचेही असेच. त्रितालात मात्र दोन आवर्तनांत ३३ होतात, आणि ११ मात्रांचा बोल बेदम बसतो. झपतालात दोन आवर्तनांत २१ होतात, ७ चा बोल बसतो. एकतालात दम घ्यायचाच असेल तर तो ३ ने भागल्यावर बाकी २ उरेल असाच हवा : २, ५, ८. बोल ३, दम २ घेऊन पाहा, १३ भरतात. नाहीतर समेपासून उठायचे सोडून दुसऱ्या मात्रेपासून उठावे. तिथून समेसह १२ मात्रा होतात आणि ४ चा बोल बेदम बसतो. तबल्याला बसणारे आपले विद्यार्थी हे सगळे हाताने जाणतात. शेषाचे अंकगणित हे त्या जाणिवेचे नाव आहे, आणि एखादी गोष्ट ‘जमत नाही’ यापेक्षा ‘जमूच शकत नाही’ हे सिद्ध करता येते, हा गणितातला मोठा धडा त्यांना इथे मिळतो.

लयकारीचा भाग त्यामानाने छोटा. त्रितालाचा ठेका आडीत, म्हणजे दीडपट लयीत, एकदाच म्हणून समेवर यायचे असेल तर कुठून उठावे? विद्यार्थी १६ ला दीडने गुणतो आणि २४ आणतो. लय वाढली की वेळ कमी लागतो, म्हणून भागायचे : १६ भागिले ३/२ म्हणजे १० पूर्णांक २/३. तेव्हा ५ पूर्णांक १/३ मात्रा सोडून, सहाव्या मात्रेचा तिसरा हिस्सा उलटल्यावर उठायचे. कुआडीबद्दल दोन मते आहेत, कोणी सव्वापट म्हणतात, कोणी सव्वादोनपट. प्रश्नपत्रिकेत नुसते ‘कुआड’ असे लिहू नये, गुणोत्तर द्यावे.

आता त्या प्रसिद्ध आकड्याबद्दल. संगीताच्या परीक्षांत ३४,८४८ राग होऊ शकतात असे लिहिले की गुण मिळतात. हिशेब असा : षड्ज कायम ठेवून संपूर्ण आरोह १ प्रकारचा, एक स्वर वर्ज्य करून षाडव ६, दोन वर्ज्य करून औडव १५, मिळून २२. अवरोहाचेही २२. एका थाटातून २२ × २२ = ४८४, आणि दक्षिणेतल्या व्यंकटमखीच्या ७२ मेळांतून (मेळ म्हणजे थाटच) ३४,८४८. मोजणी शिकवायला हा हिशेब उत्तम, पण तो जिथे मोडतो तिथे खरे शिक्षण आहे. मध्यम आणि पंचम दोन्ही एकदम वर्ज्य नसतात असा नियम आपण सांगतो. तो आरोह आणि अवरोह दोघांना स्वतंत्रपणे लावला तर २२ चे २१ होतात आणि ४८४ चे ४४१. रागात दोन्हींपैकी एक कुठेतरी यावा एवढाच अर्थ घेतला तर फक्त एक जोडी गळते आणि ४८३ उरतात. नियमाच्या शब्दरचनेने उत्तर किती बदलते पाहा.

दुसरे असे की एकच राग अनेकदा मोजला जातो. गंधार आणि निषाद वर्ज्य केले की बिलावल, खमाज आणि काफी या तिन्ही थाटांतून तेच सा रे म प ध उरतात. दुर्गा रागाचे हे स्वर हिशेबात निदान तीनदा धरले गेले. तिसरे आणि सगळ्यात महत्त्वाचे : भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, सा रे ग प ध, पण राग दोन. एकाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, दुसऱ्याचा धैवत. एक पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमतो, दुसरा उत्तरांगात. मोजणीने एकाच वेळी जास्तही धरले आणि कमीही. हे कळलेला विद्यार्थी संगीताला गणितात कोंबणार नाही आणि गणिताला घाबरणारही नाही. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात देवगिरीला बसून सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले, आणि कितवा क्रम कोणता हे न लिहिता काढण्याची रीत दिली. ते क्रम तो तान म्हणून मोजत होता, राग म्हणून नव्हे. हा विवेक त्याच्याकडे होता.

छंदासाठी दोन आठवडे पुरेत, पण ते गाळू नयेत, कारण सीमाभागातल्या वर्गाला ते जोडून ठेवतात. लघूची मात्रा १, गुरूच्या २, हा नियम मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच. ८ मात्रा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरतील? १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ असे मोजत जाता उत्तर ३४ येते. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, कारण शेवटचे अक्षर एकतर लघु असते नाहीतर गुरू. हेमचंद्राने हे १२व्या शतकात लिहिले, फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. मराठी मुलांनी भुजंगप्रयात मोजावे : चार ‘य’ गण (लघु-गुरु-गुरु), १२ अक्षरे, २० मात्रा. कन्नड मुलांनी भामिनी षट्पदी मोजावी : १४, १४, २३, पुन्हा १४, १४, २३, एकूण १०२. मग वह्या बदलाव्यात. मराठी विद्यार्थी कन्नड पद्य मोजताना हमखास एक चूक करतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत आणि ते लघु धरतात. मराठीत ए, ओ नेहमी गुरूच. अभंग आणखी वेगळा, तिथे मात्रा मोजायच्याच नाहीत. मोठ्या अभंगाची ६, ६, ६, ४ ही अक्षरांची मोजणी आहे, आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ती अक्षरे ओढून-आखडून बसवली जातात.

मोबाइलवरच्या स्वर मोजणाऱ्या ॲपबद्दल एक इशारा द्यायला हवा, कारण हल्ली प्रत्येक प्रकल्पात त्याची चित्रे असतात. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन ४०९६ नमुन्यांचा एक तुकडा तपासला तर दोन खुणांमधले अंतर सुमारे १०.८ आंदोलनांचे येते. षड्ज २४० असताना ८१/८० चा (९/८ आणि १०/९ यांच्यातला) फरक फक्त ३ आंदोलनांचा. असे ॲप तो फरक दाखवूच शकत नाही. निदान १६,३८४ नमुने, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त वेळ स्थिर स्वर हवा. द्रुत तानेत एखाद्या स्वराची श्रुती मोजली असे कोणी लिहिले तर ते मान्य करू नये. विज्ञान शाखेची मुले असतील तर त्यांना तबल्याची शाई (पुडीवरचा काळा थर) अभ्यासाला द्यावी. साध्या गोल कातड्याचे उपस्वर १, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे पडतात. शाईमुळे ते पूर्णांकांच्या जवळ येतात आणि तबला स्वरात लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे जगापुढे मांडले.

राहिला व्यवस्थेचा प्रश्न. पंधरा आठवड्यांत चार तारेचे, तीन लॉग आणि स्वरजुळणीचे, चार तालाचे, दोन मोजणीचे, दोन छंदाचे. दर आठवड्याला दोन व्याख्याने आणि दोन तासांचे एक प्रात्यक्षिक. गणिताचा आणि संगीताचा असे दोन्ही अध्यापक प्रात्यक्षिकाला हजर हवेत, आणि दोघांचाही कार्यभार पूर्ण धरला पाहिजे. एकाच्याच नावावर तास लावले की दुसरा दोन आठवड्यांत येईनासा होतो, आणि मग उरते ते पडद्यावरचे सूर्यफूल. जिथे संगीत विभाग नाही तिथे गावातला पखवाजवादक किंवा पेटीवाला मानधनावर बोलवावा. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांच्या पंचक्रोशीत जाणते हात आहेत. त्यांच्याकडे पदवी नाही म्हणून त्यांना वर्गाबाहेर ठेवणे हा विषयाशी अन्याय होईल. दहा वर्षे गाणारी मुलगी आणि षड्ज न ओळखणारा मुलगा एका तारेवर जोडीने बसवावेत. मोजणी त्याने करावी, घोडी तिने सरकवावी, आणि अर्ध्या सत्रानंतर कामे बदलावीत.

परीक्षेत निम्मे गुण करून दाखवण्याला असावेत. तिहाई कागदावर सोडवून चालणार नाही, टाळी धरून म्हणूनही दाखवावी. तार मोजून दाखवावी. टिपणे आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड दोन्हींत असाव्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी ‘रेशो’ ऐकून बावरतो, ‘गुणोत्तर’ म्हटले की त्याला ते येत असते. त्याच्या शेजारच्या कन्नड विद्यार्थ्यासाठी तेच ‘अनुपात’ असते. संगीताच्या बाजूला ही अडचण नाहीच. स्वर, ताल, लय, मात्रा, श्रुती हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. ज्या वर्गात अर्धी पारिभाषिक शब्दावली सगळ्यांची आधीपासूनच सारखी आहे, असा दुसरा विषय आमच्या पाहण्यात नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी आणि महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी ही मागणी विचारात घ्यावी. फळी, तार आणि वजने एवढ्यावर पहिले चार आठवडे निघतात, तेव्हा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपले,
गणित व संगीत या विषयांचे काही अध्यापक,
बेळगाव